थंड खोलीचं भांडण

"मॅडम, दिवाळीनंतर तुमची थंड खोली कॉम्प्युटर क्लासला द्यायचं ठरलंय," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. मूळचे चांदवडकडचे, कांद्याचे व्यापारी, शिवाय द्राक्षबाग. माणूस तोंडावर बोलणारा, मागून काड्या घालणारा नाही. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं अवघड जायचं. मी नाशिकच्या त्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. प्राचार्यांच्या मते मी संशोधन करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि आमची संस्था मागे पडत होती. कॉलेजात एसी असलेल्या खोल्या दोनच. एक अध्यक्षांचं ऑफिस आणि दुसरी माझी थंड खोली. कॉम्प्युटरला एसी लागतोच, याबद्दल तेव्हा कुणाला शंका नव्हती. अध्यक्ष स्वतःचं ऑफिस देणार नाहीत, याबद्दलही नव्हती.

मी माझी सगळी बाजू मांडली. ती त्यांनी याआधी बऱ्याचदा ऐकली होती. शेवटी ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी खडा दाखवा, मॅडम. मग मी मिटिंगला तुमच्या बाजूनं उभा ऱ्हातो. रिकाम्या खोलीसाठी काय बोलू?"

खडा म्हणजे स्फटिक. त्या एका खड्यापायी माझी चार वर्षं गेली होती.

हे नक्की काय प्रकरण आहे ते सांगते. आपल्या रक्तात अँटिबॉडी नावाची प्रथिनं असतात. बाहेरून जंतू किंवा विष आत आलं की ती त्याला पकडतात. आकार साधारण गलोलीच्या बेचकीसारखा. खालचा दांडा जवळपास सगळ्यांचा सारखा, पण वरच्या दोन फाट्यांची टोकं प्रत्येक अँटिबॉडीची वेगळी. पकड असते ती या टोकांत. माझी अँटिबॉडी घोणसाच्या विषातला एक घटक पकडायची. ती पकड कशी बसते, हे मला बघायचं होतं. भाऊसाहेबांनी खोली दिली होती ती घोणसाचं नाव ऐकूनच. बागेत काम करणाऱ्यांना त्याची धास्ती असते. यातून उद्या लगेच औषध निघणार नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. अर्थात फार मोठ्यानं नाही.

पकड बघायची तर आधी फाटे दांड्यापासून तोडायचे. त्यासाठी पपेन वापरतात, म्हणजे पपईच्या चिकातलं एक द्रव्य. कच्ची पपई लावली की मटण लुसलुशीत होतं ते त्याच्यामुळेच. माझ्या सासूबाईंना माझ्या कामातली एवढी एकच गोष्ट पटली होती. शेजारच्या वहिनी मात्र शेवटपर्यंत मला मुलाच्या वजनासाठी कुठली प्रोटीन पावडर चांगली, हेच विचारत राहिल्या.

हे फाटे इतके लहान की साध्या मायक्रोस्कोपमधून दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून आडवाटेनं जावं लागतं. अब्जावधी फाटे एकाच पद्धतीनं शिस्तीत रचले गेले की त्यांचा स्फटिक होतो. त्या स्फटिकावर एक्स-रे सोडले की समोर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून गणित मांडून आकार काढता येतो. गणिताचं काम कॉम्प्युटर करतो. शिस्तीत उभं राहायचं काम मात्र प्रथिनांनी स्वतःच करायचं असतं. नाशिकमध्ये गॅसच्या दुकानापुढेही कुणी सरळ रांग लावत नाही, तिथे माझ्या प्रथिनांकडून काय अपेक्षा करणार.

त्यांना रांगेत लावायची रीत अशी. काचेच्या छोट्या चकतीवर विषाच्या त्या घटकासकट प्रथिनाचा थेंब ठेवायचा. त्यात अमोनियम सल्फेटचं पाणी मिसळायचं. हे शेतकरी टाकतात तेच खत, फक्त फार शुद्ध. मग चकती उलटी करून, त्याच खताचं जास्त कडक पाणी भरलेल्या इवल्याशा वाटीवर ग्रीस लावून घट्ट बसवायची. थेंब वरून लटकत राहतो, आणि तोही एकसारख्या गारव्यात, म्हणून थंड खोली. त्यातलं पाणी सावकाश खालच्या कडक पाण्याकडे ओढलं जातं, प्रथिनांची दाटी होते आणि नशीब असलं तर ती रांगेत उभी राहतात. नशीब नसलं तर दूध नासावं तशी गुठळी होते. अशा वाट्यांचे प्लॅस्टिकचे ट्रे मी रोज मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि रोज नासलेलं दूध बघायचे.

त्यात नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, वर्कशॉपवाला लेथ पुजतो आणि आमच्या लॅबमध्ये नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ पडते. एकदा पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, असा रिवाज. पूजेचं सगळं आमच्या लॅब अटेंडंट शांताबाई बघायच्या. त्या पंचवटीतल्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आणि कॉलेजात माझ्या आधीपासून होत्या.

मी बंगळुरूहून पीएचडी करून आले होते आणि महाराष्ट्रातल्या विज्ञानाची जबाबदारी आपल्यावर आहे असा माझा समज होता. मी शांताबाईंना बजावलं, थंड खोलीत हळद नको, कुंकू नको, फूल नको, उदबत्ती तर अजिबात नको. धुळीचा एक कण थेंबात पडला तरी प्रयोग वाया जातो, यावर मी एक छोटं भाषणही दिलं. शांताबाईंनी हातात तबक धरून ते सगळं ऐकून घेतलं. मग बाहेरच्या यंत्रांची पूजा केली आणि माझ्यापुढे आल्या. खोलीला नको तर नको, निदान तुम्हाला तरी लावते, म्हणाल्या. एरवी मी टिकली लावायचे. त्यांनी टिकलीच्या जागी चिमूटभर खरं कुंकू चांगलं ठसठशीत लावलं. मी खूश होते. विज्ञान जिंकलं होतं आणि कुणाचं मनही मोडलं नव्हतं.

जिंकलेल्या माणसानं तिथेच थांबावं. मी थंड खोलीकडे निघाले.

"आज हत्याराला हात लावू नये, मॅडम," शांताबाई म्हणाल्या.

"विज्ञानाला सुट्टी नसते, शांताबाई," मी म्हणाले. हे वाक्य मी खरोखर म्हणाले. आत जाऊन दार लावलं आणि थेंबांवर ओणवी होऊन नवा ट्रे भरला.

दसरा झाला. त्यानंतरच्या आठवड्यात तो ट्रे बघत होते. पहिल्या ओळीत नासलेलं दूध, दुसऱ्या ओळीत नासलेलं दूध. तिसऱ्या ओळीतल्या एका थेंबात स्फटिक होता. स्वच्छ, लांबट, धारदार कडांचा. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, पण मायक्रोस्कोपखाली नुसता लखलखत होता. मधोमध एक पिवळसर ठिपका होता. तो उजेडाचा खेळ असणार असं मी ठरवून टाकलं. मी बाहेर येऊन शांताबाईंचे दोन्ही हात धरले आणि नुसतं 'आला, आला' म्हणत राहिले. त्यांना वाटलं घरून काहीतरी वाईट फोन आला.

भाऊसाहेब लगेच आले. टोपी काढली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिले. लय चमकतंय, म्हणाले. मग, यात घोणस कुठं हाय, असं विचारलं. पुढचे काही दिवस खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा. इतिहासाचे लोक येऊन गेले, ऑफिसचे क्लार्क येऊन गेले, संस्थेचे विश्वस्त सहकुटुंब येऊन गेले. एका काकूंनी मायक्रोस्कोपला नमस्कार केला.

मग संस्थेच्या सभेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि गुच्छ. भाऊसाहेबांनी भर सभेत जाहीर केलं की थंड खोली मॅडमचीच राहणार, कॉम्प्युटरवाल्यांची दुसरीकडे सोय बघू. एका स्थानिक पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं की सर्पदंशावर नाशिकमध्ये उपाय सापडला. पेपरला फोन करून चूक सुधारावी असं मला वाटलं होतं. पण फोटो बरा आला होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. थेंबात उगवलेला खडा प्रथिनाचा आहे की एखाद्या साध्या क्षाराचा, म्हणजे आमच्या भाषेत मिठाचा, हे ओळखायची सोपी रीत असते. त्याला बारीक सुई टोचायची. मीठ असेल तर कडक लागतं. प्रथिन असेल तर खव्यासारखं चुरतं. ही रीत मी दर वर्षी एमएस्सीच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून शिकवायचे. पण माझ्याकडे स्फटिक एकच होता. एकुलता एक मुलगा किती धडधाकट आहे ते बघायला त्याला कुणी गच्चीवरून ढकलत नाही.

एक्स-रेचं यंत्र मुंबईला एका संस्थेत होतं. मी टॅक्सी केली. ट्रे कापसात गुंडाळून डब्यात घातला आणि डबा मांडीवर घेतला. कसाऱ्याच्या घाटात प्रत्येक वळणाला मी ड्रायव्हरला हळू चालव म्हणत होते. शेवटी त्यानं विचारलं, डब्यात कुणाची किडनी हाय का. त्याहून नाजूक आहे, मी म्हणाले. त्यानंतर तो बिचारा खरंच जपून चालवायला लागला.

यंत्र डॉक्टर कामतांच्या ताब्यात होतं. कामत वयानं वडीलधारे, फार कमी बोलणारे. त्यांनी माझा स्फटिक केसासारख्या बारीक काचेच्या नळीत भरला, यंत्रासमोर लावला आणि एक्स-रे सोडले. आम्ही स्क्रीनसमोर बसलो. प्रथिनाचे ठिपके शेकड्यांनी येतात, एकमेकांना खेटून, कारण प्रथिनाचा रेणू मोठा असतो. रेणू लहान असेल तर ठिपके मोजके आणि लांब लांब. हा नियम उलटा वाटतो पण तसाच आहे. माझ्या स्क्रीनवर ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात.

कामतांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, मीठ आहे हे," ते म्हणाले.

मी यंत्रात काही बिघाड आहे का विचारलं. त्यांनी ठिपक्यांमधली अंतरं मोजली, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कॅल्शियम सल्फेट. म्हणजे जिप्सम. सल्फेट तुमच्या थेंबातलं, ते म्हणाले, पण कॅल्शियम कुठून आणलंत? मी नळाच्या पाण्याला दोष दिला. पाणी डिस्टिल्ड होतं हे मीच आधी सांगितलेलं. मग केमिकल कंपनीला दोष दिला. कामतांनी तो स्फटिक साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मधोमध हे पिवळं काय आहे, एवढंच विचारलं.

तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुन्यामुळे हळद लाल होते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे, त्यातलाच हा प्रकार. माझं अमोनियम सल्फेटचं पाणी किंचित आंबट होतं. आंबटात ती लाली गेली आणि हळद परत पिवळी झाली. चुन्यात कॅल्शियम असतं, ते सल्फेटला मिळालं आणि त्याचा सुरेख खडा झाला. सगळ्या खोलीला कुंकवापासून वाचवून मी ते स्वतःच्या कपाळावर आत घेऊन गेले होते आणि थेंबावर ओणवी झाले होते. कामतांना हे सांगितलं तेव्हा ते आधी गंभीरपणे मान हलवत होते. मग खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बाहेरून जो आवाज आला तो खोकल्याचा नव्हता.

नाशिकला आल्यावर मी थेट भाऊसाहेबांच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं. ते सह्या करत ऐकत होते. जिप्सम म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"जिप्सम? चोपण जमिनीला टाकतो ते?"

"तेच."

"माझ्या बागेत ट्रॉलीभर पडलंय," ते म्हणाले. "मी त्याला कधी शाल नाय पांघरली."

मी शाल परत करू का विचारलं. राहू द्या, आता थंडी येईल, ते म्हणाले. मग जरा नरम आवाजात म्हणाले की आता मिटिंगला त्यांना माझ्यासाठी तोंड उघडता येणार नाही. ते मलाही कळत होतं. शांताबाईंना सांगितलं तर त्या घाबरल्या, आपल्या हातून घडलं म्हणून. मग थोडा विचार करून म्हणाल्या की तरी मी त्या दिवशी आत जाऊ नका म्हटलं होतं. हेही खरंच होतं.

दिवाळीनंतर खोली गेली. माझं टेबल, मायक्रोस्कोप आणि ट्रेचं कपाट खोलीच्या मागच्या भिंतीला लावलं आणि पुढे पंधरा-वीस कॉम्प्युटर मांडले गेले. तेवढा कोपरा भाऊसाहेबांनी भांडून माझ्यासाठी ठेवला होता, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन खूप रडले. खोटं कशाला सांगू. चाळिशी उलटली होती, हाताशी एक स्फटिक नव्हता आणि अख्ख्या कॉलेजात मला पाठीमागे जिप्सम मॅडम म्हणत होते. हे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं.

क्लास सुरू झाला. सकाळपासून पोरांची ये-जा, खुर्च्यांची ओढाओढ, कीबोर्डची टकटक. या गोंगाटात माझी प्रथिनं कसली रांगेत उभी राहतात, असं मी येईल त्याला सांगायचे. ट्रे भरायचे ते निव्वळ हट्टानं. डोक्याला टोपी घालून, कपाळ स्वच्छ पुसून.

थंडी संपत आली होती. एका सकाळी ट्रे बघताना एका थेंबात चार खडे दिसले. शेजारच्या थेंबात सहा. त्या पलीकडे आणखी. छोटे, जाडसर, सुपारीच्या खांडासारखे. दिसायला जिप्समच्या निम्म्यानंही देखणे नव्हते. मी कुणाला हाक मारली नाही. सुई घेतली आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याला टोचली. तो मऊपणे चुरला. मी दुसऱ्याला टोचली, तोही चुरला. तिसऱ्याला टोचायला निघाले तेव्हा क्लासचे सर मागून म्हणाले, मॅडम, बरं वाटत नाही का, रडताय का?

कामतांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग एक्स-रे सोडले. स्क्रीन ठिपक्यांनी भरून गेली. पुढे आकार काढायला आणखी तीन वर्षं लागली, शोधनिबंध छापून आला, घोणसाच्या विषाला धरून बसलेले फाटे मी डोळे भरून पाहिले. पण त्या दिवशी माझ्या मनात एकच प्रश्न होता. चार वर्षं जे झालं नाही ते आता का झालं? प्रथिन तेच होतं, खत तेच होतं आणि हातही माझेच होते.

उत्तर कॉलेजच्या मागच्या आवारात उभं होतं. कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही म्हणून क्लाससाठी संस्थेनं जनरेटर घेतला होता. आमच्याकडे दुपारी लोडशेडिंग असायचं. त्या वेळात माझ्या खोलीचा एसी बंद पडायचा, आणि दार लावून ठेवलं की गारवा टिकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. थर्मामीटर बघायचे मी सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना. दोन्ही वेळा वीज असायची, त्यामुळे दोन्ही वेळा आकडा उत्तम. मधल्या वेळात खोली तापायची आणि मग परत गार व्हायची. स्फटिकाला सगळ्यात जास्त कशाचं वावडं असेल तर ते या खाली-वरचं. फळ्यावर हेही मीच शिकवायचे. जनरेटर आला, एसी दिवसभर चालू राहिला आणि प्रथिनं मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. पोरांच्या गोंगाटाचं त्यांना काही वाटलं नाही. ती तक्रार माझी होती.

भाऊसाहेबांना सांगायला गेले. या वेळी आधी सुई टोचून आलेय, हे पहिल्या वाक्यातच सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला, चहा मागवला. मला मात्र आनंदाच्या जोडीला जुना राग आठवला.

"हाच जनरेटर चार वर्षांपूर्वी आला असता तर, भाऊसाहेब," मी म्हणाले. "पण आमच्यासाठी कोण आणतंय."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तुम्ही मागितला कधी?" ते म्हणाले. "दर मिटिंगला तुम्ही खोली मागायच्या. खोली तर तुमच्याकडं होतीच. जनरेटरचं नाव काढलं असतं तर घोणसाच्या नावावर मी तेव्हाच आणला असता."

मी जनरेटर मागितल्याची एखादी तरी मिटिंग आठवते का बघितलं. आठवली नाही. ते देणार नाहीत, हे मी मनाशी इतकं पक्कं धरलं होतं की विचारायचं राहूनच गेलं होतं.